आक्कांची लेव्हल

आक्कांना दोन आवाज होते. माईकसमोर त्या इतकं शुद्ध आणि गोड बोलायच्या की ऐकणाऱ्यानं आपोआप सावरून बसावं, आणि माईक बंद झाला की त्याच तोंडातून "काय गं, भाकऱ्या झाल्या का न्हाय अजून?" असं खणखणीत सोलापुरी बाहेर पडायचं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेडिओवर हंगामी निवेदिका म्हणून काढली होती. सोलापुरात भवानी पेठेत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. बाईला दोन आवाज आहेत, असं मी तेव्हा कौतुकानं सांगायचे. आताही सांगते, पण कौतुक उरलेलं नाही.

घरच्या घरी पॉडकास्ट करायचं वेड मला त्यांनीच लावलं. आईला सांभाळायला मी नोकरी सोडली होती. चूल आणि आई, एवढंच माझं जग. त्यावरच बोल म्हणाल्या. 'भाकरी आणि बाकी' हे नावही त्यांचंच. स्टुडिओ म्हणजे आमचं कपड्यांचं कपाट. दारं उघडून त्यांवर सोलापुरी चादरी टाकायच्या आणि आत तोंड खुपसून बोलायचं, म्हणजे आवाज घुमत नाही. फोनवर पायमोजा चढवायचा, म्हणजे प आणि फ फुटत नाहीत. "धुतलेला घे गं बाई, तुझ्याच नाकासमोर येणार हाय त्यो." पंखा बंद, फ्रिज बंद. आणि घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये, म्हणजे बाहेर पडताना किल्ल्या शोधाव्या लागतात आणि फ्रिज बंद असल्याचं आठवतं. याला मी हसले, आणि पहिल्याच आठवड्यात दूध नासलं.

रेकॉर्डिंगआधी शेंगाचटणी खायला बंदी होती. घशात कण अडकतो म्हणे. "आदी बोल, मग वाटीभर खा की, कोण न्हाय म्हणतंय?" आणि श्रोत्यांना कधी 'मंडळी' म्हणायचं नाही. समोर एकच बाई बसली आहे, तीही भाजी निवडत, असं समजून बोलायचं. हे मात्र मला पटकन जमलं, कारण समोर आक्का खरोखरच भाजी निवडत बसलेल्या असायच्या.

बोलण्याआधी एक मिनिट नुसता खोलीचा आवाज घ्यायचा, हा त्यांचा कडक नियम. कुणी हलायचं नाही. पुढे तुकडे जोडताना मधल्या फटी त्या शांततेनं भरता येतात. पण आम्ही श्वास रोखून बसलो की आतून आईचा आवाज यायचा, "कोण आलंय गं?"

"आमीच की, काकू!" आक्का ओरडायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. "अय्यो शिवा, खोली काय स्वच्छ येईना बघ." पुन्हा सुरुवात. पुन्हा आई विचारायची, कोण आलंय गं.

मग लेव्हल. माझा आवाज किती मोठा येतो ते बघायला आक्का काहीतरी विचारायच्या, मी बोलत राहायचे आणि आवाज जमला की त्या हात वर करून म्हणायच्या, "साकु." साकु म्हणजे पुरे, त्यांच्या माहेरचं कन्नड. "लेव्हलला कायबी बोल," त्या सांगायच्या. "लेव्हल पुसायची असती. ती हवेवर जात न्हाय, कुनाला ऐकू येत न्हाय." या भरवशावर मी लेव्हलला जे बोलले, ते सख्ख्या माणसाजवळही कधी बोलले नव्हते.

एकदा त्यांनी विचारलं, आज सकाळी काय झालं? मी सांगितलं. आईनं मला गंगू म्हणून हाक मारली. गंगू म्हणजे तिची वारलेली बहीण. वर मलाच विचारलं, माझी लेक कुठं गेली? मी म्हणाले, "दादाला पुण्याला हे कळवलं नाही. कळलं की तो तिला घेऊन जाईल. मग मी भाकरी कुणासाठी थापू?" मी बराच वेळ बोलत होते. आक्कांचा हात मांडीवरच राहिला. साकु म्हणाल्याच नाहीत. मला वाटलं, बाईला भरून आलंय.

पुढच्याच आठवड्यात माझा घसा बसला. आमचा वार गुरुवार. वार चुकवायचा नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. रेडिओवर मधेच शांतता पसरली तर निवेदकाची नोकरी जाते, ही जन्माची धास्ती. एपिसोड चढवायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्या गुरुवारी त्यांनी माझी लेव्हल चढवली.

चूक झाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण मी ते ऐकलं. माझा खोकला काढला होता, हुंदका ठेवला होता, शेवटी सतारीचा एक तुकडा जोडला होता. म्हणजे सगळं मन लावून, पुन्हा पुन्हा ऐकून केलं होतं.

मी तशीच वर गेले. "वार मोकळा जाणार हुता गं," त्या म्हणाल्या. "आनी तू लई खरं बोलली हुतीस."

"साकु का नाही म्हणालात?" मी फाटक्या आवाजात विचारलं.

आक्का माझ्याशी पहिल्यांदाच त्या माईकवरच्या आवाजात बोलल्या, "श्रोत्यांना ते फार भावलं आहे."

रविवारी दादा गाडी घेऊन आला. "सगळ्या गावाला माहीत, फक्त मला नाही," एवढंच म्हणाला, आणि त्याचं काही चूक नव्हतं. गाडीत बसताना आईनं माझा हात धरला. "गंगू, तू नाही येत?"

नंतर आक्का लेकीकडे हुबळीला कायमच्या गेल्या. निघताना खाली आल्या, दार वाजवलं, हाक मारली. मी उघडलं नाही. आवाज ओळखला होता, दोन्हींपैकी कुठला ते सांगत नाही. मला त्यांची आठवण येते, आणि आली की संताप येतो.

पॉडकास्ट मी सोडलेला नाही. चादरी टाकते, पायमोजा चढवते, किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवते. लेव्हलला फक्त पाढे म्हणते. त्याआधी एक मिनिट खोलीचा आवाज घेते. श्वास रोखून बसते. आतून कुणी काही विचारत नाही. पहिल्याच खेपेला खोली अगदी स्वच्छ येते.