कोरसची मोकळी जागा

आधीच सांगते – भूत, भानामती, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. त्यात मी चिकलठाण्याला एका कारखान्यात क्वालिटी तपासते. जे मोजता येत नाही ते मी पास करत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण त्या दुपारी खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांनीही ते ऐकलं.

माझा नवरा मिलिंद जयंतीच्या कार्यक्रमांत गायचा. गारखेड्याच्या आमच्या घरी, मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचा. आधी आपला आवाज टाकायचा, कोरसनं ओळ परत म्हणायची तेवढी जागा मोकळी सोडायचा, आणि गायनपार्टीतली माणसं जमली की कोरस भरायचा. शेवटच्या गाण्याचा कोरस राहूनच गेला. कामावरून येताना जालना रोडवर अपघात झाला... दोन वर्षं झाली त्याला.

माझ्या सासूबाई, माई, गंगापूरकडच्या. मिलिंद नवखा होता तेव्हा त्याच्यामागं कोरसला त्याच उभ्या राहायच्या. यंदा त्यांची फुप्फुसं गेली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. माईंनी एकच मागितलं – "सुनीता, त्याचं ते नवं गाणं तेवढं ऐकव गं."

माईंचा पलंग मागच्या खोलीतच हलवला होता. कॉम्प्युटर सुरू झाला, पण आवाज नाही. स्पीकर मोबाईलला लावून पाहिला – ठीक होता. गाण्याची फाईल मिलिंदच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडेना, आणि ते सॉफ्टवेअर साउंड कार्ड सापडत नाही म्हणून बंद पडायचं. मिलिंदनं वेगळं कार्ड बसवून मदरबोर्डचं मूळचं साउंड बंद ठेवलं होतं. मशीन पडून राहिलं, बोर्डावरचा सेल संपला, सेटिंग पुसली गेली आणि बंद केलेलं साउंड परत चालू झालं. दोन्ही एकमेकांच्या आड येत होती.

मिलिंदचे ढोलकीवाले, सुदाम भाऊजी, माईंना बघायला आले होते. म्हणाले, "वहिनी, दुकानात टाकून द्या की."

"दुकानवाला उद्या-परवा म्हणेल, भाऊजी. माईंकडं परवा आहे का?" मी हळूच म्हटलं.

पलंगावरून आवाज आला, "फुप्फुसं गेलीत, कान नाय गेले माझे."

सुदाम भाऊजींनी उठून मला टॉर्च धरला.

कारखान्यात करतो तसंच केलं – एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेल बदलला, बोर्डाचं साउंड बंद केलं. तरी नाही. कार्ड काढून त्याच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या, दुसऱ्या खाचेत बसवलं, ड्रायव्हर नव्यानं टाकला.

आणि मिलिंद खाकरला. गायच्या आधी खाकरायचा तसा.

पहिली ओळ संपली, मोकळी जागा आली. ती गप्प जाईल म्हणून मी मन घट्ट केलं होतं... तर माईंनी ओळ उचलली! नाकात ऑक्सिजनची नळी, अर्ध्या ओळीत दम लागला, खोकला आला. मी पाणी पाजलं, पाठ चोळली. तोवर स्पीकर गप्प. मला वाटलं, पुन्हा अडकलं. बघते तर गाणं कुठवर आलं ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ पुढं सरकत होती. माईंनी शेवटचा शब्द कसाबसा पुरा केला – आणि मग मिलिंदनं पुढची ओळ घेतली.

दर वेळी हेच. माईंचं म्हणून होईपर्यंत तो थांबायचा.

पलंगाच्या लाकडावर बोटांनी ठेका धरलेले सुदाम भाऊजी मध्येच थांबले. "वहिनी, ठेक्याच्या एका फेरीची जागा सोडायचा हा. किती फेऱ्या झाल्या, मलाच कळंना."

माई म्हणाल्या, "थांबतो तो. मला दम लागतो, म्हाईत हाय त्याला."

त्यानं गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा माई भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढायच्या. दम कसला, तेव्हा नावाला नव्हता.

माई त्याच आठवड्यात गेल्या. नंतर मी फाईल तपासली. कोरसच्या जागा सगळ्या सारख्या, जेमतेम एका श्वासाच्या. सुदाम भाऊजींनीही ऐकून बघितलं, ठेका धरून बघितला. माझ्या ओळखीच्या एका इंजिनिअरनं सॉफ्टवेअर लटकलं असेल म्हणून सांगितलं. लटकलं तर रेघ सरकत नाही. तिघांनाही भास झाला म्हणावं, तर ठेक्यात थांबलेली सुदाम भाऊजींची बोटं मी डोळ्यांनी बघितली आहेत. उत्तर मला मिळालेलं नाही, आणि मी आता शोधतही नाही.

फक्त एकदा, घरात कुणी नसताना, मी ते गाणं लावलं. मला गाता येत नाही. कोरसची जागा आली तेव्हा म्हणायला लागले आणि शब्द मुद्दाम लांबवले – बघू, थांबतो का.

माझी ओळ निम्मीही झाली नव्हती. त्यानं पुढचं कडवं सुरू केलं.