मानसीच्या प्लेट्स बाहेर कोणी काढल्या?

मित्रांनो, आज कॉलेजात माझं डोकं फिरलं, अजून शांत झालेलं नाही.

माझी एमएस्सीची विद्यार्थिनी मानसी किन्हवलीहून एसटीने मुरबाडला येते. ती यीस्टवर काम करते. पेशीत प्रथिनं तयार करणारी यंत्रं म्हणजे रायबोसोम. त्यांचे सुटे भाग भलतीकडेच चिकटू नयेत म्हणून चॅपेरोन नावाची मदतनीस प्रथिनं ते सांभाळून जागेवर पोचवतात. असा एक मदतनीस काढून टाकला की रायबोसोम नीट जुळत नाहीत आणि ते यीस्ट थंडाव्यात फार हळू वाढतं. तेच बघायला तिने यीस्ट वाढवायच्या चपट्या बश्या, म्हणजे प्लेट्स, लॅबच्या गार कपाटात ठेवल्या होत्या.

आज त्या खिडकीत सापडल्या. कपाटात प्राचार्यांच्या पाहुण्यांसाठी कोल्ड्रिंकच्या बाटल्या! उबेत साधं यीस्ट आणि मदतनीस नसलेलं यीस्ट सारखंच वाढलेलं. सगळी तुलना वाया गेली.

प्राचार्यांना सांगितलं तर ते हसले. "यीस्टच ना? बेकरीतून आणू."

मानसी म्हणाली, "सर, हे बेकरीत नाय मिळत. मी बनवलंय."

मी सगळ्या बाटल्या उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. तेव्हा म्हणतात, "मॅडम, कपाटावर चिठ्ठी लावायची ना!"

चिठ्ठी होती. मानसीच्या अक्षरात, दारावरच. ती बाजूला सारूनच कोणीतरी दार उघडलं होतं.

मानसी पुन्हा पहिल्यापासून प्लेट्समध्ये यीस्टचं खाद्य ओततेय. आता तुम्हीच सांगा, तिचं काम लोकांना दिसावं म्हणून आम्ही अजून काय लावायचं?