चार नंबर मशीनची वही

आमच्या कंपनीत आइस्क्रीमचे आणि दह्याचे डबे तयार होतात. रिकामे, प्लास्टिकचे, झाकणासकट. मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्निटच्या आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. लॉकडाउनमध्ये सगळं शहर घरी बसलं तेव्हाही आम्ही कामावर जात होतो, कारण लोकांना दही लागतंच आणि दह्याला डबा लागतोच. नवरा वरच्या खोलीतून ऑफिस चालवायचा, मुलगी जेवणाच्या टेबलावर शाळा करायची, आणि मी वर्कर परमिटचा कागद पर्समध्ये टाकून निघायचे.

साथीचं ते दुसरं वर्ष होतं. जनरल मॅनेजरने मला केबिनच्या दारातच उभं करून सांगितलं, "गेल्या वर्षी आपण जुन्या लोकांचा सत्कार केलाच नाही. या वर्षी करायचाच. जेवण नाही, हॉल नाही, एका ठिकाणी गर्दी नाही. बघ कसं जमतं ते."

दहा, वीस आणि तीस वर्षं पूर्ण केलेल्यांचा हा सत्कार. एरवी एखाद्या क्लबात जेवण, भाषण, हातात मानपत्र आणि घड्याळ. माझं काम ट्रेनिंगच्या नोंदी ठेवण्याचं, त्यामुळे यादी करायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. मी कॉम्प्युटरवरून यादी काढली. दहा वर्षांचे सात, वीसचे तीन, तीसचा एकही नाही.

मी यादी पुन्हा वर-खाली पाहिली. पॅकिंगमधली ताई त्यात कुठेच नव्हती.

ताई म्हणजे व्हिएतनामहून आलेली, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, चणीने लहान बाई. या देशात सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात, पण मला तिला नावाने हाक मारणं कधी जमलं नाही. 'ताई' म्हणजे मोठी बहीण, असं मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्यात 'ची' म्हणतात." मला हसू आलं. आमच्या भाषेत 'ची' नुसता प्रत्यय, कुणाची तरी असल्याशिवाय उभाच राहत नाही. मग ती माझी ताईच झाली.

पिंपरीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होते, हातात डिप्लोमा होता. इथे आल्यावर पहिली नोकरी मिळाली ती कामगार पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यावर. चौथ्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. पट्टा थांबत नव्हता, खोक्यांच्या कडांनी बोटं कापली होती, आणि माझ्यापुढे डब्यांचा ढीग साचत चालला होता. शेजारी ताई उभी होती. तिने आपली खोकी भरता भरता माझ्या ढिगातले डबे ओढून घ्यायला सुरुवात केली. शिफ्ट संपेपर्यंत ती दोघींचं काम करत होती. निघताना तिने मला कापडी चिकटपट्टीचं एक रीळ दिलं आणि बोटांना कशी गुंडाळायची ते दाखवलं. "उद्या ये हं," एवढंच म्हणाली. ते म्हणाली नसती, तर मी दुसऱ्या दिवशी गेले नसते.

साथीच्या त्या दुसऱ्या वर्षीच, सत्काराच्या काही महिने आधी, पुण्यात माझा भाऊ हॉस्पिटलमध्ये होता. ऑक्सिजनवर. विमानं बंद, मी इथे अडकलेली. तोवर मी ऑफिसात बसू लागले होते, आणि शॉपफ्लोअरच्या माणसांनी ऑफिसात यायचं नाही असा नियम होता. ताई रोज सकाळी माझ्या काचेबाहेर उभी राहायची आणि भुवया उंचावून अंगठा वर करायची. कसा आहे? मी हात आडवा हलवायचे. तसाच आहे. ती मान हलवून कामाला जायची. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी मी अंगठा वर केला, तर तिने काचेवर दोन्ही तळवे टेकवले आणि मास्कमागे काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

आणि या बाईचं नाव यादीत नव्हतं.

तिची नोंद उघडून पाहिली. चोवीस वर्षं. म्हणजे विसाचा सत्कार होऊन गेला, तिसाला अजून सहा वर्षं. पण मी पट्ट्यावर होते तेव्हा ऐकलेल्या गोष्टींचा हिशेब चोवीसात बसत नव्हता. दुसऱ्या दिवशी स्मोकोला, म्हणजे इथल्या सकाळच्या चहाच्या सुट्टीत, मी तिला बाहेरच्या बाकावर गाठलं. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला.

"ताई, तू इथे पहिल्यांदा कधी आलीस?"

"मुलगा पोटात होता तेव्हा."

"मुलगा केवढा आता?"

"तीस होईल आता पुढच्या महिन्यात."

"मग नोंदीत चोवीस कशी?"

ती हसली. "पहिली सहा वर्षं एजन्सीकडून. ती धरत नाहीत. नो वरीज." आणि डब्यातली संत्र्याची फोड माझ्याकडे सरकवली.

मी मॅनेजरकडे गेले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. "एजन्सीचे लोक आपल्या पगारावर नसतात," तो म्हणाला. "आणि त्या एजन्सीचा आता पत्ताही नाही. पुरावा कुठून आणणार? तोंडी सांगण्यावर मी कुणाला तीस वर्षांचं मानपत्र देऊ लागलो, तर उद्या दहा जण येतील."

"पुरावा आणला तर?"

त्याने खांदे उडवले. "आण, मग बघू."

पुरावा कुठे शोधायचा ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी मी आमच्या जुन्या सुपरवायझरला फोन केला. माल्टाहून तरुणपणी आलेला हा माणूस कधीच निवृत्त झाला होता. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा, आणि लॉकडाउनमुळे मुलंही येऊ शकत नव्हती. मी दोन मिनिटांचा प्रश्न विचारायला फोन केला आणि तो पाऊण तास बोलला. कोण कधी आलं, कुणाचं लग्न कॅन्टीनमध्ये जमलं, कुठल्या उन्हाळ्यात छत इतकं तापलं की झाकणं वाकडी होऊ लागली. मी टोकलं नाही. त्याच्या आवाजावरून कळत होतं की बऱ्याच दिवसांत त्याच्याशी कुणी एवढं बोललं नसावं.

शेवटी मी ताईचं विचारलं.

"चार नंबर मशीन आली तेव्हा पहिल्या दिवशी तीच होती की," तो म्हणाला. "मीच तिला उभं केलं होतं. पोट एवढं पुढे आलेलं, म्हणून बसायला उंच स्टूल दिलं होतं. वहीत असेल बघ."

"कुठली वही?"

"मशीनची वही. प्रत्येक मशीनची असते. कोणी साचा लावला, कोणी चालवली, काय बिघडलं. अगं, माणसांची कागदपत्रं फेकून देतात, मशीनची कुणी फेकत नाही."

चार नंबर मशीन अजून चालू होती. मेंटेनन्सच्या फिटरने काँप्रेसरच्या खोलीमागचं कपाट उघडलं. तेलाचे डाग पडलेल्या जाड वह्यांचा गठ्ठा बाहेर आला, आणि सगळ्यात खालची वही चार नंबरची पहिली. मी हातमोजे घालून पहिलं पान उघडलं. वर तारीख. खाली मशीन लावणाऱ्याची सही. त्याखाली 'चालवणारे', आणि त्यापुढे कुणीतरी घाईत ताईचं नाव चुकीचं लिहिलेलं. ते एका सरळ रेघेने खोडलं होतं, आणि शेजारी मोठ्या, सुट्या, जपून काढलेल्या अक्षरांत बरोबर नाव होतं. अक्षर तिचंच. खोकी भरल्यावर ती पावतीवर जसं लिहिते, तसंच.

मी ते पान किती वेळ बघत बसले! या देशात नुकतीच आलेली, गरोदर, इंग्रजी धड न येणारी बाई. पहिल्याच दिवशी वहीत आपलं नाव चुकलेलं पाहते, आणि पेन मागून घेऊन दुरुस्त करते. आणि तीच आता सहा वर्षांना 'नो वरीज' म्हणत होती.

वही पुढे चाळली तशी पुढच्या सहा वर्षांत तिचं नाव जवळजवळ प्रत्येक पानावर सापडत गेलं. मधे फक्त तीन महिन्यांचा खंड, बाळंतपणाचा. आणि नंतरच्या वह्यांत आणखी दोन नावं सापडली, अजून कामावर असलेल्यांची. तीही दोघं एजन्सीतून आलेली. एकाची वीस वर्षं भरत होती, एकीची दहा.

मी वही मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि खुणेच्या चिठ्ठ्या लावलेली पानं दाखवली. त्याने बराच वेळ वाचलं. खोडलेल्या नावापाशी त्याचं बोट थांबलं.

"तूपण एजन्सीतूनच आलीस ना?" त्याने विचारलं.

"हो. आठ महिने."

"म्हणजे नियम बदलला तर तुझीही तारीख बदलेल."

माझे कान गरम झाले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "माझं राहू दे," मी म्हणाले.

"राहू कसं दे?" तो हसला. "बदलायचा तर सगळ्यांसाठी." वरच्या ऑफिसशी बोलायला त्याने आठवडा घेतला. मग सगळ्यांना ईमेल आली: या जागेत ज्या दिवशी पहिल्यांदा कामाला उभे राहिलात, तो तुमचा पहिला दिवस.

सत्कार आम्ही शॉपफ्लोअरवरच केला, दुपारी, शिफ्ट चालू असताना. लोकांना एकत्र आणता येत नव्हतं, म्हणून सत्कारच लोकांकडे गेला. मॅनेजरने स्वतः चहाची ट्रॉली ढकलली. ट्रॉलीवर मानपत्रं, घड्याळं, आणि आमच्याच डब्यांत एकेकाचा केकचा तुकडा, झाकण लावून. ज्याच्यापाशी ट्रॉली थांबेल त्याची मशीन पाच मिनिटं बंद. बाकीचे आपापल्या जागेवरून टाळ्या वाजवत होते. प्रत्येकाबद्दल दोन ओळी मी वाचत होते. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती.

चार नंबरपाशी आम्ही शेवटी गेलो. मशीन बंद झाली तशी तिथली शांतता अंगावर आली. मी फोन उंच धरला होता, त्यात जुना सुपरवायझर दिसत होता. घरी एकटाच, पण टाय लावून बसलेला.

मॅनेजरने मानपत्र ट्रॉलीच्या टोकावर ठेवलं, दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "तीस वर्षं. आम्ही सहा विसरलो होतो. माफ कर."

ताईने मानपत्र उचललं. आधी नाव वाचलं, अक्षर अक्षर बोटाने. बरोबर होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू शोधलंस?"

"मशीनने सांगितलं," मी म्हणाले.

फोनमधून सुपरवायझर ओरडला, "स्टूल अजून आहे का गं?"

"तुटलं!" ती ओरडून म्हणाली. "मुलगा एकवीस वर्षांचा झाला तेव्हा!" सगळा शॉपफ्लोअर हसला. ती हसता हसता रडायला लागली, आणि जवळ जाऊन तिला धरावं असं मला इतकं वाटलं की मी ट्रॉलीचा दांडा घट्ट पकडला. तिने डोळे पुसले, हातमोजे घातले आणि मशीनचं हिरवं बटण दाबलं. डबे पुन्हा येऊ लागले.

सत्कारानंतर आठवड्याभराने एजन्सीकडून आलेली एक पंजाबी बाई माझ्या काचेपाशी आली. पट्ट्यावर तिचा दुसराच महिना. तिने खिडकीच्या फटीतून विचारलं, "दीदी, मेरा भी पहला दिन लिखा है न?"

एजन्सीच्या लोकांसाठी नव्याने सुरू केलेलं रजिस्टर मी काचेला लावून दाखवलं. तिने आपलं नाव नीट वाचलं, तारीख वाचली आणि "थँक यू" म्हणून कामाला गेली.