भरल्या मोटारीचा सौदा

मुंबई, ता. ९ डिसेंबर १९३४

गणपतीपासून मी या पानासाठी एक ओळही लिहिली नाही, याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. कारण सांगतो, सबब वाटली तर तसे समजा. आम्ही घर शोधत होतो. माझी पत्नी यमुना हिला दमा आहे. डॉक्टरांची तशी चिठ्ठी आहे, पण घरमालक चिठ्ठी वाचत नाहीत, खोकला ऐकतात. आधी "क्षय नाही ना?" असे विचारतात आणि थोड्याच दिवसांत "जागा आमच्या मेहुण्याला हवी आहे" म्हणतात. यंदा तीनदा बिऱ्हाड हलवले. आताच्या मालकांचाही मेहुणा लवकरच येईल अशी चिन्हे आहेत.

वाचनालयातल्या एका विलायती साप्ताहिकात, मोटारीत संसार थाटलेल्या जोडप्याचे चित्र पाहिले आणि ते मनातून जाईना. माझे काम शालेय पुस्तकांची मुद्रिते तपासण्याचे. ते कुठेही बसून होते. पावसाळ्यात देशावर जावे, हिवाळ्यात समुद्राकाठी यावे. चाकांवरच्या घरातून आम्हाला कोण उठवणार? नागावला उतारूंची ने-आण करणारी एक जुनी सर्व्हिस मोटार विकायची आहे असे कळले आणि आम्ही निघालो.

तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची आगबोट धरावी, पण भरतीची वेळ विचारून. आम्ही ते केले नाही. ओहोटीमुळे बोट लांबच थांबली, होडीत उतरावे लागले, आणि शेवटचा चिखल वहाणा हातात घेऊन तुडवला. रेवसहून अलिबागपर्यंत सर्व्हिस मोटार मिळते. पुढच्या बाकाला भाडे जास्त पडते, पण धूळ कमी खावी लागते. पुढे नागावपर्यंत बैलगाडी. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधून मधून समुद्राचा आवाज. यमुना त्या वाटेवर एकदाही खोकली नाही, म्हणून मी विकत घ्यायचे मनात जवळजवळ ठरवूनच टाकले. हा उतावळेपणा होता.

मोटारीचे मालक हरीभाऊ हे साठीचे वाडीवाले. मुक्काम त्यांच्याच पडवीत झाला. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि पांढरा कांदा. इतके साधे आणि इतके चांगले जेवण पुष्कळ दिवसांत मिळाले नव्हते. किंमतही त्यांनी फार कमी सांगितली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार पाहिली. दोन वर्षे ती पोफळींच्या सावलीत उभी होती. जुनी मोटार घेणाऱ्याने रंगाकडे पाहू नये, तळाच्या फळ्यांना चाकूचे टोक लावून पाहावे. फळ्या सागाच्या होत्या, वाळवी नव्हती. खाऱ्या हवेने लोखंडावर गंज चढला होता, पण वरवर. दोन गोष्टी मात्र मी टिपून ठेवल्या. मोटार डावीकडे कलली होती. आणि आत सगळीकडे बोटभर धूळ असताना पुढचा डावा बाक मात्र लख्ख होता. रोज कोणी बसत असावे तसा गुळगुळीत.

"हे कोण पुसतं?" मी विचारले.

"आत कोण जातंय पुसायला?" हरीभाऊ बाहेरूनच म्हणाले. मोटारीला ते हात लावत नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

आत पलंग कुठे बसेल ते मोजायला मी फीत काढली आणि त्या बाकावर टेकणार, तोच ते ओरडले, "तिथं नको, मास्तर! बसलेत."

मग त्यांनी सांगितले ते असे. मोटार नवी असताना रेवसच्या रस्त्यावर खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, बांधापाशी सारखी रुतायची. गुरवाने कौल लावला. बांधाच्या राखणदाराला मान हवा होता. तेव्हापासून पुढचा डावा बाक त्याचा. सकाळच्या पहिल्या फेरीला त्याच्या धोंड्यापाशी दार उघडून त्याला घ्यायचे, संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला तिथेच उतरवायचे. मोटार पुन्हा कधी रुतली नाही. पण दोन वर्षांपूर्वी, शेवटच्या फेरीला, ती धोंड्याच्या अलीकडे वाटेतच बंद पडली. अंधार पडत आला होता. बैल जुंपून सरळ वाडीत ओढून आणली.

"आणि त्यांना उतरवायचं राहिलं," हरीभाऊ म्हणाले. "नंतर गाडी चालू करायला कोणी हात लावीना. आता तुम्ही घेताय, तर आधी उतरवून या. भरल्या गाडीचा सौदा मी करणार नाय."

मी पदवीधर आहे. मला हसू यायला हवे होते. आले नाही.

मोटारीचा जुना ड्रायव्हर कासमभाई तेवढा हात लावायला तयार झाला होता; आदल्या दिवसापासून तो इंजिनाशी झटत होता. त्याने हँडल मारले, मोटार खोकली आणि सुरू झाली. यमुना मागच्या बाकावर बसली, मी तिच्या शेजारी.

"घाबरू नका, मास्तर," कासमभाई म्हणाला. "ही सवारी लय शानी. इतकी वर्सं नेली-आनली, कधी हळू चालव म्हनाली न्हाय, का सुट्टे मागितले न्हाय. आमच्या घरवालीपेक्षा बरी!"

तो हसला, पण पुढच्या डाव्या बाकाकडे बघून त्याने टोपी नीट केली.

जुन्या प्रत्येक थांब्यावर तो सवयीने थांबत होता. कोणी चढत नव्हते. एका थांब्यावर टोपली घेतलेल्या म्हातारीने हात वर केला, मोटार ओळखली, आणि तोच हात खाली घेऊन नमस्कार केला. पुढे लोक रस्त्यातून बाजूला होऊन मोटार जाईपर्यंत खाली बघत उभे राहू लागले. मी आयुष्यात इतक्या मानाने कधी प्रवास केला नव्हता आणि इतक्या अस्वस्थपणेही.

भर दुपारी खाजणाशी पोचलो. वारा पडलेला, मिठागरे पांढरी तापलेली. पण रस्त्याच्या कडेला जिथे बांध असायला हवा तिथे पाणी होते. त्यातून एका वठलेल्या झाडाचे खोड तेवढे वर आले होते. मिठाची पाटी उतरवून ठेवणाऱ्या एका बाईला कासमभाईने धोंड्याचे विचारले.

"धोंडा? त्यो गेला पान्यान," ती म्हणाली. "बांध फुटला तवाच." तिची नजर मोटारीवर गेली. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि मागे न बघता ती निघून गेली.

कासमभाईने इंजिन बंद केले, खाली उतरून वळसा घातला आणि पुढचे डावे दार उघडले. हरीभाऊंनी दिलेला नारळ त्याने रस्त्याच्या कडेला ठेवला.

"उतरा देवा. तुमचं ठिकान आलं."

काही घडले नाही. मग मोटारीची डावी बाजू, अगदी बोटभर, वर आली. कोणी बाकावरून अर्धवट उठावे तशी. कासमभाई जमिनीवर होता. आम्ही दोघे हललो नव्हतो. हे मी पुन्हा पुन्हा तपासून लिहीत आहे.

यमुना उभी राहिली. "कासमभाई, दार लावा."

"बाईसाहेब, पन…"

"कुठं उतरायचं त्यानं? घर पाण्यात गेलंय. आमच्या मालकांनी निदान मेहुण्याचं नाव तरी सांगितलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, आपणच कुणाला उठ म्हणायचं?"

कासमभाईने दार लावले. तो अजून रस्त्यावरच होता, तेव्हा मोटार डावीकडे सावकाश खाली बसली.

परत आल्यावर हरीभाऊंना सगळे सांगितले. आम्ही परत आणलेला, न फोडलेला नारळ त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. म्हणाले, "पाण्याचं मला माहीत नव्हतं. घेऊन जा. पण उद्या ते नको झाले म्हणून माझ्या दारात आणून सोडू नका." यमुनेने मान डोलावली. ती तिने दिलेली हमी होती. मी नुसता साक्षीदार.

मोटार सध्या वाडीतच ठेवून काल रात्री घरी पोचलो. मालकांनी दारातच कुशल विचारले आणि मेहुण्याची गोष्ट काढली. या वेळी मला त्याची भीती वाटली नाही. दुसरी वाटते. आम्ही राखणदाराला ठेवले ते दयेने, की उतरवायची हिंमत झाली नाही म्हणून? यमुनेपुरते उत्तर मला माहीत आहे, माझ्यापुरते नाही. धक्का बसून मोटारीच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, दबतात, हलक्या होतात, हे मी स्वतःला सांगून पाहिले. पण मोटार तर उभी होती. आणि आणखी एक विचार सतावतो. आम्ही त्याला राहू दिले असे म्हणतो, पण त्या चाकांवरच्या घरात आधीपासून तो आहे. यमुनेचा खोकला त्याला चालेल का, हे आम्ही विचारलेच नाही.

पलंग आखूड करावा लागेल. मी खाली झोपेन.

उद्या: सुताराला निरोप देणे, पुढचा डावा बाक काढू नये.