मेश्राम मॅडम आणि मी थांबवलेला पंप

सदाशिव पेठेतल्या आमच्या शाळेत कविता रांगेरांगेनं म्हणायची असे. एका रांगेचा श्वास संपायच्या आत दुसरीनं पुढची ओळ उचलायची. कविता तुटता कामा नये. तो चढता आवाज अजून माझ्या कानांत आहे. डॉ. ललिता मेश्राम आमच्या प्रयोगशाळेत प्रथम आल्या आणि त्यांनी फळ्यावर तीन कॉलम काढले, तेव्हा मला थेट तोच आवाज ऐकू आला!

पेशी वाढवलेल्या द्रवातून अँटिबॉडी, म्हणजे औषध म्हणून वापरायचं प्रथिन, वेगळं काढणं हे आमचं काम. द्रव कॉलममध्ये, म्हणजे उभ्या नळकांड्यात, सोडायचा. आतल्या बारीक मण्यांना अँटिबॉडी चिकटते, नको ते वाहून जातं. मणी भरत आले की आम्ही थांबायचो, अँटिबॉडी सोडवून घ्यायचो, कॉलम धुवायचो, पुन्हा सुरुवात. मॅडम म्हणाल्या, थांबायचंच कशाला? पहिला काठोकाठ भरू द्या, त्यातून निसटेल ते दुसरा धरेल, तोवर तिसरा धुऊन तयार. मी निवृत्तीला टेकलेला, पक्का पुणेकर. म्हटलं, "मॅडम, इथं खडकवासल्याचं पाणीसुद्धा अखंड येत नाही."

"तुम्ही नळ बंद करू नका, बस्," भंडाऱ्याच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या.

आणि मी नेमका तोच बंद केला. हे आजवर मी कुठंच सांगितलेलं नाही. मॅडमच्या या गौरवग्रंथात सांगितलं नाही तर राहूनच जाईल.

दहा दिवस अखंड चालवून दाखवा, खंड पडला तर काम गुंडाळा, असं संचालकांनी बजावलं होतं. नवव्या दिवशी मॅडम जेवायला गेल्या आणि यंत्रापाशी पहिल्यांदाच मी एकटा उरलो. पहिल्या कॉलममधून निसटणाऱ्या अँटिबॉडीची रेघ पडद्यावर चढू लागली. तीस वर्षांची सवय. रेघ चढली म्हणजे औषध गटारात. पंप थांबवला. ते झेलायला पुढं दुसरा कॉलम आहे, हे मला तीनदा समजावलेलं होतं.

मॅडमनी नोंदवहीत लिहिलं, 'पंप थांबवला गेला. माझ्या सूचनेत उणीव.' खाली सही. हे खरं नाही, असं मी म्हणालो.

"मला नीट सांगता आलं असतं, तर तुमचा हात पंपाकडे गेला असता का?"

काम दोन वर्षं बंद पडलं. मेश्राम मॅडमची पद्धत आठ दिवस टिकते, हा संचालकांचा टोमणा चहाबरोबर फिरत राहिला, आणि मी चहा पीत राहिलो. त्याच काळात माझी पत्नी आजारी होती. मॅडम दवाखान्यात डबा घेऊन येत आणि तिथंही मला कॉलमच्या पाळ्या समजावत; पत्नीला त्या माझ्याआधी समजल्या.

परवा प्रयोगशाळेत गेलो होतो. तीच पद्धत, महिना झाला, अखंड चालू! रेघ चढली, झडपा फिरल्या, दुसऱ्या कॉलमनं पाळी घेतली. सत्तरी ओलांडलेला मी तिथं लहान मुलासारखा टाळ्या वाजवत उभा होतो.

गेल्या आठवड्यात तेव्हाच्या संचालकांना सगळं पत्रानं कळवलं. उत्तर आलं नाही, येईलसं वाटतही नाही. मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांच्या हातून अजून कितीतरी रुग्णांपर्यंत औषध पोहोचो, आणि

एवढ्यात बेल वाजली. दारात संचालक, हातात काठी आणि माझं पत्र.

"लेख नंतर पुरा करा. मेश्राम मॅडमकडे जायचंय. खाली रिक्षा थांबवलीय. अहो, एकट्यानं माफी मागायची मला सवय नाही."