संशोधनाला वाहिलेले काका

मानवजातीच्या ज्ञानात नाशिकने जी काही भर घातली असेल, तिच्यात निदान चमचाभर रक्त माझ्या मावशीच्या यजमानांचं आहे. याला माझ्याकडे पुरावा नाही, पण काकांना स्वतःला त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. अंबडच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्यांच्या बरोबरीची माणसं सकाळी गंगापूर रोडला फिरायला जाऊ लागली, कोणी गुडघ्यांवर बोलू लागलं, कोणी मुलाच्या अमेरिकेवर. काका यातल्या कशातच रमले नाहीत. ते संशोधनात शिरले. म्हणजे संशोधन ज्यांच्यावर करतात, त्या बाजूने शिरले. शहरात तेव्हा जिकडेतिकडे कॉलेजं निघत होती आणि प्रत्येक कॉलेजातली मुलं छातीशी फाइल धरून प्रश्नावल्या भरून घ्यायला दारोदार हिंडत होती. लोक दाराच्या फटीतून बघत आणि "साहेब घरी नाहीत" असं साहेबच सांगत. काकांच्या घरी मात्र बेल वाजायच्या आत दार उघडायचं. आलेल्या मुलीला पंख्याखाली बसवायचं, पाणी, चिवडा, चहा, आणि चहा येईपर्यंत संमतिपत्रावर सही झालेली असायची. "अहो, वाचा तरी," असं मावशी म्हणाली की काका दुखावल्यासारखे बघत. "पोरगी एवढ्या उन्हातून आलीये. तिच्यासमोर कागद वाचत बसायचं? म्हणजे तिच्यावर विश्वास नाही असंच ना?"

उत्तरं देण्यातही त्यांची एक खानदानी रीत होती. 'तुम्ही चिडखोर आहात का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही' असा प्रश्न आला की ते पुढे वाकून हळूच विचारत, "कुठल्या रकान्यात माणसं कमी पडतायत?" समोरच्याची गरज भागवणं हा पाहुणचाराचाच भाग. कुटुंबात कोणाला मानसिक आजार आहे का, असं एकाने विचारलं तेव्हा स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला, "आहे म्हणून लिही. नाव हवं तर मी सांगते." एकदा एका मुलीला डावखुऱ्या माणसांचा अभ्यास करायचा होता आणि डावखुरे मिळेनात. तिचं उतरलेलं तोंड काकांना बघवेना. "मी आहे ना," ते म्हणाले आणि तिचा अभ्यास संपेपर्यंत खरोखर डाव्या हाताने वागले. शेजारच्यांच्या सत्यनारायणाला त्यांनी तीर्थासाठी डावा हात पुढे केला. गुरुजी पळी उचलून थांबले. "उजवा!" ते दरडावले. काका त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "सध्या नाही. पुढच्या आठवड्यापासून." त्यानंतर सोसायटीत प्रसादाला काकांना शेवटी बोलावू लागले.

मी तेव्हा इथल्याच एका शिक्षणसंस्थेत मानसशास्त्र शिकवत होतो आणि नव्याने स्थापन झालेल्या नीतिसमितीचा सचिव होतो. हे पद माझ्याकडे येण्याचं कारण एवढंच की ज्या बैठकीत ते ठरलं, तिला मी गैरहजर होतो. माणसांवर अभ्यास करायचा तर त्यांना तो नीट समजावून, त्यांची मर्जी विचारून, त्यांना इजा होणार नाही हे बघून करा, इतकंच पाहणं हे आमचं काम. पण नाव असं पडलं की कँटीनवाल्याला वाटलं, मागच्या बागेत जोडीने बसणाऱ्या मुलामुलींना पकडायला आम्हाला नेमलंय. मी चहाला निघालो की तो बागेकडे तोंड करून मोठ्याने खोकायचा.

या समितीपुढे एक दिवस काकाच उभे राहिले. झालं असं, की आमच्या औषधनिर्माण विभागात सुनंदा नावाची एक मुलगी होती. सुरगाण्याकडच्या डोंगरातली, बोलायला कमी, कामाला वाघ. तिच्या गावाकडे एका कंदाचा काढा 'तापलेल्या रक्ताला' म्हणून देत. तो रक्तदाबावर खरंच चालतो का, हे तिला शोधायचं होतं. कंदाच्या अर्काच्या गोळ्या, डॉक्टरांची देखरेख, आमच्या समितीची मंजुरी, सगळं रीतसर. रक्तदाब असलेली माणसं हवी होती आणि तो काकांना होताच. पण काका त्याच सुमारास दुसऱ्या एका कॉलेजच्या काढ्याच्या अभ्यासातही दाखल होते. तोही रक्तदाब उतरवणारा. 'दुसरं कुठलं औषध घेता का?' या प्रश्नाला त्यांनी दोन्हीकडे ठणठणीत 'नाही' सांगितलं होतं. आता एक उतरवणारं आणि वर दुसरं उतरवणारं. व्हायचं तेच झालं. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर काका मेथी निवडत होते, ते मेथीच्याच ढिगावर आडवे झाले. भाजीवाली ओरडली, "आवं बाबा, जुडी घ्यायची नसंल तर नका घेऊ, पण असं काय करताय!" मग तिनेच तोंडावर पाणी मारून त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यातून ते सुखरूप घरी आले, पण प्रकरण आमच्याकडे आलं. सुनंदाचा अभ्यास थांबवावा असं विभागात बोललं जाऊ लागलं. बैठकीच्या दिवशी ती डोळे सुजवून दाराबाहेरच्या बाकावर बसली होती, शेजारी मावशी. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते आणि अजूनही समोरच्याला आरोपी समजूनच सुरुवात करत. मी नातेवाईक म्हणून मत देणार नव्हतो, फक्त टिपणं घेत होतो.

"संमतिपत्र वाचलं होतंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"सही केली होती."

"मी वाचलं का विचारतोय."

"साहेब, मी माझ्या लग्नात मंगलाष्टकांचासुद्धा अर्थ विचारला नव्हता."

"ते दिसलंच पुढे," बाहेरून मावशी म्हणाली.

"दुसरं औषध चालू असताना नाही का म्हणालात?"

"दोघांनाही माणसं कमी पडत होती हो. एकाला हो म्हणून दुसऱ्याला कसं परत पाठवायचं?" मग काका घाईने म्हणाले, "पण चूक माझी आहे. त्या पोरीने मला दोनदा विचारलं होतं. तिचं काही थांबवू नका."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुम्हाला नकार द्यायचा हक्क होता, हे तरी ठाऊक होतं का?"

काका म्हणाले, "हक्क असेल. पण कारखान्यात मला सगळे सांगायचे. हे कर, ते कर. घरी आल्यावर हिने सांगायचं. मला काय वाटतं, झोप लागते का, भूक कशी आहे, हे विचारायला ही पोरंच येतात. विचारायला आलेल्याला नाही म्हणायचं मला सुचलंच नाही." बाहेर मावशीच्या बांगड्या वाजल्या. काका पुढे म्हणाले, "आणि आता तुम्ही विचारताच आहात म्हणून मीही एक विचारतो. या सगळ्यातून शेवटी निघतं काय? इतक्या जणांनी रक्त नेलं, नाडी पाहिली, स्वभाव लिहून घेतला. परत येऊन कोणीच काही सांगितलं नाही."

आम्ही सगळे एकदम आपापल्या कपातल्या चहाकडे बघू लागलो. संमतीची भाषा, डॉक्टर, विमा, सगळं आम्ही तपासलं होतं. माणसाकडे परत जाऊन 'हे निघालं बरं का' असं सांगायचं आमच्यातल्या कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

निकाल लागला तो असा. सुनंदाने सगळ्यांना पुन्हा भेटून, आणखी काय काय औषधं चालू आहेत हे घरच्यांसमोर विचारावं, काकांच्या नोंदी वगळाव्यात आणि काम पुढे चालू ठेवावं. संपल्यावर भाग घेतलेल्या प्रत्येकाला निष्कर्ष सांगावा. काकांना मात्र आमच्या संस्थेतल्या कुठल्याही अभ्यासात भाग घ्यायला बंदी, आणि बाकीच्या कॉलेजांनाही तसं कळवावं. ती त्यांना तडीपारीसारखी लागली. फाइलवाली मुलं जिन्यात दिसली की ते गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहत. शेवटी मावशीच मला म्हणाली, "अरे, कशात तरी घ्या त्यांना. घरात बसून ते माझाच अभ्यास करायला लागलेत."

समितीत एक सदस्य तज्ज्ञ नसलेला, साधा नागरिक असावा असं ठरत होतंच. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या काकांना घ्या. इतका साधा नागरिक मला जन्मात भेटला नाही." पहिल्या बैठकीत काकांनी प्रस्ताव वाचायच्या आतच 'मंजूर' म्हणून टाकलं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि त्यांना घरचा अभ्यास दिला: रोज एका गोष्टीला नाही म्हणायचं, तेही कारण न देता. काकांनी सुरुवात घरापासून केली. मावशी आमटी वाढायला आली, तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "नाही." "का? खारट झालीये?" "कारण द्यायला मी बांधील नाही." मावशी पळी तशीच धरून उभी राहिली. "कारण न देता? या घरात?" त्या दिवशी दोघांनीही आमटी खाल्ली नाही. पण हळूहळू काकांना नकाराची गोडी लागली. एका प्राध्यापकाचा प्रस्ताव त्यांनी अडवून धरला, कारण त्यात पेठकडच्या मजुरांना सुगीच्या दिवसांत तासभर बसवून ठेवायचं होतं. "त्यांचा खाडा कोण भरून देणार? आणि मुकादम शेजारी उभा असताना नाही कोण म्हणेल? मला तर पंख्याखाली बसूनसुद्धा जमलं नव्हतं," ते म्हणाले. प्राध्यापक चिडले, पण अभ्यास मजूर घरी असतात त्या दिवसांवर गेला.

अशी काही वर्षं गेली. काकांचं हृदय थकत चाललं होतं, बैठकांना येणं थांबलं होतं. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा सुनंदा आली. आता तिला विंचूरच्या बाजूला नोकरी लागली होती, अंगावर चांगली साडी, पण बसली तशीच खुर्चीच्या कडेवर.

"काका, संपलं माझं काम. सगळ्यांच्या घरी जाऊन सांगितलं."

"काय निघालं?" काका उशीला रेलून होते, ते ताठ बसले.

सुनंदाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काही नाय निघालं. त्या कंदाने फरक पडत नाय. गावात सांगितलं तर म्हातारी माणसं रागावली माझ्यावर."

"म्हणजे पडत नाही हे नक्की?"

"नक्की. परत परत तपासलं."

"आणि मला कशाला सांगायला आलीस? माझ्या नोंदी तर तुम्ही वगळल्या होत्या."

"हो. पण तुम्ही विचारलं होतं ना."

काकांनी पायावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग मावशीला म्हणाले, "अगं, हिला काहीतरी गोड कर." शिरा होईपर्यंत त्यांनी तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं, गोळी किती दिवस दिली, कोणाचा दाब किती हलला, कोणाचा नाही, आणि प्रत्येक 'नाही'ला ते गाणं ऐकल्यासारखी मान डोलावत होते. ती निघाली तेव्हा डॉक्टरांनी जिना चढणं-उतरणं बंद केलेलं असूनही ते तिला रिक्षापर्यंत सोडायला उतरले. मी मागोमाग निघालो, तर मावशीने माझा हात धरला. "जाऊ दे त्यांना."

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. पण त्या संध्याकाळी गॅलरीतून मला ते दिसत होते. रिक्षा वळून गेली तरी फाटकाशी उभे होते. खालचे शेजारी दूध घेऊन येत होते. मुलगी पहिल्या वर्गात पास झाल्यावर बापाने सांगावं तसं काका त्यांना थांबवून सांगत होते, "अहो, आमचं संशोधन पूर्ण झालं! काही निघालं नाही!"