चाचणी मत

मी सोलापुरात शाळेत शिकवते. त्या निवडणुकीत मला अक्कलकोटकडच्या एका गावात केंद्राध्यक्ष म्हणून पाठवलं होतं. प्रशिक्षणात एकच गोष्ट पक्की बसवली होती: तुम्ही कुणाच्याच नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

दुपारी एक म्हातारा मेंढपाळ मत देऊन थेट माझ्या टेबलाशी आला.

"बाई, बटन दाबलं एकाचं, चिट्टी आली दुसऱ्याची."

दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी ताडकन उठले. मी नियम सांगितला. तक्रार लिहून द्यायची, मग सगळ्यांसमोर चाचणी मत द्यायचं.

"खोटं निघालं तर पोलिसांत द्यावं लागेल, आजोबा."

"द्या की. मी लबाड बोलतोय व्हय?"

तक्रारीवर अंगठा उठवताना तो कागदाच्या बाहेर, टेबलावर टेकला. मी हात धरून जागेवर आणला. दोन्ही बुबुळांवर पांढरी साय होती. अधू नजरेच्या माणसाला मत देताना सोबती घेता येतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा. निदान तक्रार मागे घ्या, एवढं तरी सांगता आलं असतं. पण मग मी तक्रार दाबली म्हणून एकाने तरी ओरड केली असती. मी त्याला यंत्राकडे नेलं.

त्याने बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी आली, सात सेकंद थांबली. चिन्ह दाबलेल्या बटणाचंच होतं. तो काचेला नाक लावेपर्यंत चिठ्ठी खाली पडली.

"परत दावा की."

"परत दाखवता येत नाही."

"म्हातारं त्यांचं निघालं!" एक प्रतिनिधी हसला. म्हाताऱ्याचं मत कुणाला, ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

मी त्याला हवालदाराच्या ताब्यात दिलं. रांगेत उभी असलेली त्याची बायको धावत आली. "कुटं नेताय त्यास्नी?"

"मत द्यायचं असेल तर रांगेत थांबा," मी म्हणाले.

ती जीपमागे चालत गेली.

वरून शाबासकी मिळाली. एवढ्या दबावातही बाई नियमाला धरून राहिल्या, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

वर्षभराने कोर्टात साक्षीला बोलावलं. म्हाताऱ्याच्या वकिलाने विचारलं, "यांना नीट दिसत नाही, हे तेव्हा तुमच्या लक्षात आलं होतं का?"

हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता.

"नाही," मी म्हणाले.

आवाजावरून त्याने मला ओळखलं असावं. माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "खरं हाय बाईंचं. मीच सांगितलं न्हाय. लाज वाटली."

त्याला दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. तो भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसला. साक्षीदारांना जायला परवानगी होती. मी तीनची एसटी पकडली.